शिक्के मारणाऱ्या हातातलं घड्याळ

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि मी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. बाहेर दाखल्यांसाठी पालकांची ही रांग, आणि ह्याचा पत्ताच नाही! वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे उठतच नाहीयेत..." त्याला दीड महिना झाला. अजूनही सव्वादहा वाजले की माझी नजर त्या खुर्चीकडे जाते.

आम्ही दोघं एकाच कचेरीत, समोरासमोरच्या टेबलांवर, अठरा वर्षं. त्यातली बरीचशी वर्षं रोज सकाळी मांडवीच्या किनाऱ्यापासून वर भगवतीच्या देवळापर्यंत चालत गेलो. चढणीला सुहास अवाक्षर बोलायचा नाही. वर पोचला की धापा टाकत म्हणायचा, "मेल्या, साहेब अर्ध्या वाटेतच पडला बघ. वर आलाच नाही." साहेबाची आदल्या दिवशीची बोलणी, रखडलेली कामं, सगळं त्या चढणीवर घामाबरोबर निघून जायचं. उतरताना स्वारी चक्क शीळ घालायची.

मग शेजारचं टेबल रिकामं झालं, नवा माणूस आलाच नाही, आणि तेही काम सुहासच्या गळ्यात पडलं. सकाळी फायली, संध्याकाळी फायली. चालणं सुटलं, पाठोपाठ झोप उडाली. वहिनींनी घाबरून त्याला पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं. रोज दहा हजार झालीच पाहिजेत, असा दम! पहिल्या आठवड्यात बिचाऱ्याची दोन हजारही होईनात. एक दिवस मात्र दुपारीच ओरडला, "सात हजार!" डाव्या हातातलं घड्याळ त्यानं उजव्या हातात घातलं होतं. दाखल्यावर शिक्का हाणला, की घड्याळाला वाटायचं हा चालला. आम्ही पोट धरधरून हसलो. त्यानंतर रोज संध्याकाळी मीच, मूर्खासारखा, विचारायचो, "काय, पोचलास का भगवतीला?"

छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे त्याला मीच नेला. "चालणं आहे का?" त्यांनी विचारलं. सुहासनं मनगट पुढे केलं. आकडा बघून डॉक्टर खूश झाले. तरी कार्डिओग्राम काढून घ्या, म्हणाले. सुहासनं माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो... चारचौघांत मित्राची फजिती कशाला करायची! बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दाखल्यांची गर्दी ओसरू दे रे, मग काढू." त्यालाही मी मान डोलावली.

तेराव्याला वहिनींनी ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "रोज दहा हजार पावलं चालत होते हो. मग असं कसं झालं?" मी घड्याळ खिशात घातलं आणि निघालो. वहिनी, तुमच्यासमोर उभं राहून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितोय. तो चालत नव्हता. मला माहीत होतं.

आता त्याची दोन्ही टेबलं माझ्याकडे आली आहेत. त्याचं चालणं सुटल्यापासून भगवतीला मीही गेलेलो नाही. कचेरीचा जिना चढताना मध्येच थांबतो, कुणी बघतंय का ते बघतो आणि छातीवर हात ठेवतो. भीती वाटते, खोटं कशाला बोलू! काल त्याची आठवण म्हणून घड्याळ घालून गेलो, त्याच्यासारखंच उजव्या हातात. दिवसभर मान वर करायला फुरसत मिळाली नाही. पाचच्या सुमारास मनगट एकदम थरथरलं, दचकून शिक्का खाली पडला. दहा हजार पूर्ण झाल्याची शाबासकी होती ती.

सकाळपासून मी खुर्चीतून उठलो नव्हतो.