पिऊन नीट घरी जाणारी माणसं

शालूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या बाजारात तिच्यासाठी बूट बघत होते. नाशिकच्या लेण्यांना पायऱ्या फार, चपलेत तिचा पाय टिकला नसता. फोनवर मनीषा, तिची मुलगी, नुसती रडत होती. मी दुकानदाराला म्हणाले, जरा मोठा द्या, पायावर सूज आहे... तेव्हा मला कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे इतक्या आठवड्यांनीही सांगता येत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. राहायची हिंगणीला. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, घरपोच येते. दादा तिचं नेमाचं गिऱ्हाईक. संध्याकाळी त्याची सायकल वाजली की वहिनी आधी मनीषाला शेजारी पाठवायची, मग दार उघडायची. एकदा तिचा हात मोडलेला पाहून मी दादाच्या अंगावर धावून गेले, तर तीच मध्ये पडली. म्हणाली, "थे दारू मारते मंदा, तुहा भाऊ नाई." दादा मेल्यावर तिने गावातल्या बाया गोळा केल्या, जंगलात शिरून मोहाच्या दारूच्या कॅना पालथ्या केल्या. भट्टीवाले तिला घाबरत. कॅन उलटी करताना तिचा चेहरा असा व्हायचा की मलाही तिच्याजवळ जायची भीती वाटे.

अशी ही बाई मागच्या हिवाळ्यात कॅन्सरने दवाखान्यात पडली आणि वॉर्डातल्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "मले तेथं जायचं हाय." टीव्हीवर नाशिककडचे द्राक्षांचे मळे होते. मागे डोंगर, खाली धरणाचं पाणी, आणि एका ओट्यावर नवरा-बायको वाइनचे ग्लास घेऊन बसलेले. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे.

"पाह्य ना," वहिनी म्हणाली, "तो पिऊन राह्यला अन् बायको हासून राह्यली. मळे, लेण्या त पाहूच. पण हे मानसं पेल्यावर घरी कसे जातेत, थे मले डोयानं पाह्यचं हाय."

मग आम्ही दोघी सहलीच्या मागे हात धुऊन लागलो. पहिल्या दिवशी लेणी, दुसऱ्या दिवशी गोदेचा घाट आणि जुनी देवळं, तिसरा सगळा दिवस मळ्यात. द्राक्षं उतरायच्या आत पोचायचं. "आपल्याले पोलीस त नाई पकडनार?" हे ती रोज विचारायची. मी मळेवाल्यांना फोन लावला आणि सरळ सांगितलं, आम्ही वर्ध्याच्या, आम्हाला काही प्यायचं नाही, फक्त पिणारे बघायचे आहेत. पलीकडच्या माणसाने पुन्हा विचारलं, फक्त बघायचे? मग म्हणाला, "या." वहिनी त्या दिवशी पोट धरून हसली, आणि आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण भाकरी खाल्ली. ती भाकरी पाहून माझं डोकंच फिरलं. डॉक्टर मान हलवत होते आणि मी खालच्या बर्थची तिकिटं काढत होते, व्हीलचेअर कुठे भाड्याने मिळेल ते विचारत होते. जिचं पाणी चमच्याने चाललं होतं, तिला मी विचारत होते, वहिनी, निळी साडी घेऊ की हिरवी? ती डोळ्यांनीच म्हणायची, हिरवी... तिला जगवायचं दुसरं काही माझ्या हातात नव्हतं हो!

तिकिटं रद्द करायला हात होईना. तेरवी झाली आणि मी एकटीच गेले. लेणी पाहिली, घाट पाहिला, काही डोक्यात शिरलं नाही. तिसऱ्या दिवशी मळ्यातल्या त्या ओट्यावर द्राक्षांचा रस घेऊन बसले. शेजारच्या टेबलावर माझ्या वयाचं जोडपं होतं. माणूस भरपूर प्याला. चेहरा लाल झाला, आवाज चढला. तो उठला, तोल जाऊन माझ्या टेबलावर आदळला, आणि मी दोन्ही हात तोंडावर घेऊन खुर्चीत आक्रसले.

"ताई, माफ करा, लागलं का?" तो म्हणाला. मग त्याने बायकोची शाल उचलून तिच्या खांद्यांवर टाकली, खिशातली गाडीची किल्ली तिच्या हातात दिली, आणि दोघं बडबडत निघून गेली.

मी तिथेच बसून राहिले. दारूच मारत असेल, तर याचा हात कसा उठला नाही? आमच्या घरात मग कोण मारत होतं? वहिनीला हे ठाऊक असेल का? ठाऊक असूनच तिला जायचं असेल का? रडू आलं नाही, संताप आला. ज्याच्यावर काढावा तो केव्हाच राख झालेला.

परवा हिंगणीला गेले. मनीषाने वहिनीचा फोटो मोठा करून आणला होता. बैठकीत हार घातलेल्या दादाच्या फोटोशेजारी खिळा धरून ती स्टुलावर उभी होती. "आत्या, बाबाच्या बाजूले लावू ना?"

मी तिच्या हातून फोटो घेतला. म्हटलं, "नाई बेटा. आईले आतल्या खोलीत लाव."