रक्क्याच्या माणसाचं विवर

मला टाळ्या आवडतात, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात कॉलेजात गणित शिकवायचे तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा माझ्या विनोदांना हसायची. लग्नानंतर इकडे आले आणि गेली सोळा वर्षं शारजात, अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर शिकवण्या घेते. सातवीतल्या मुलाला अपूर्णांक समजले म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. त्याची आई दारातूनच 'थँक्यू मॅम' म्हणते आणि लिफ्ट जायच्या आत पळते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माईक हातात आला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक सिरियन कुटुंब राहायला आलं होतं. मुलगा, सून, नात आणि मुलाची आई. या आई सिरियातल्या रक्का शहरातल्या. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला होता. लढाई पार घराच्या दारात आली तेव्हा मुलाने त्यांना तिथून काढलं. नात त्यांना 'तेता' म्हणायची, म्हणजे आजी. तिचं ऐकून माझी लेक म्हणू लागली आणि लेकीचं ऐकून मी. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं मोडकं आणि माझं मास्तरणीचं. मी शिरा पाठवायचे, त्या खजूर भरलेल्या कुकीज पाठवायच्या. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे, हे कळल्यावर आम्हा दोघींना फार गंमत वाटली होती.

नातीसाठी मुलाने एक दुर्बीण आणली होती. नातीचा उत्साह आठवडाभर टिकला. मग ती दुर्बीण तेतांच्या ताब्यात गेली आणि बाल्कनीत, एसीचं मशीन आणि कपड्यांचा स्टँड यांच्या मधल्या जागेत उभी राहिली. एका संध्याकाळी त्यांनी मला दार वाजवून बोलावून नेलं. सूर्य नुकताच मावळला होता आणि समोरच्या दोन टॉवरांच्या फटीत अर्धा चंद्र होता. अष्टमी असावी.

"बघा," त्या म्हणाल्या. "उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती रेघ. तिच्या काठाला, साधारण मधोमध. मोठं गोल आहे आणि आत एक लहान डोंगर."

मला ते बऱ्याच वेळाने सापडलं. एक कड उजेडात, दुसऱ्या कडेची सावली आत पडलेली आणि मधोमध तो उंचवटा. मी चंद्र असा कधी पाहिलाच नव्हता. आपल्याला चंद्र म्हणजे संकष्टीला उपास सोडायला लागतो तेवढा.

"हा आमच्या गावचा माणूस," तेता म्हणाल्या.

अकराशे वर्षांपूर्वी एक अरब खगोलशास्त्रज्ञ रक्क्याला बसून जवळजवळ चाळीस वर्षं आकाश मोजत होता. दुर्बीण नाही, घड्याळ नाही. त्याने वर्षाची लांबी मोजली ती आजच्या हिशेबापेक्षा दोनचार मिनिटांनीच चुकली. युरोपातल्या लोकांनी पुढे त्याचे ग्रंथ लॅटिनमध्ये नेले आणि नाव लॅटिन वळणाने फिरवून चंद्रावरच्या त्या विवराला दिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते घेण्याचा माझा हक्क मी पुढे घालवला.

"माझी शाळा नाही उरली," तेता सांगत होत्या. आवाज वर्गात शिकवताना असावा तसा सरळ. "घर नाही. आमची गल्ली मुलाने मला मॅपवर दाखवली, मला ओळखता आली नाही. रक्का म्हटलं की लोक गप्प होतात, नाहीतर सॉरी म्हणतात. हे एक राहिलंय. तिथे कुणी पोचत नाही ना, म्हणून राहिलं."

मग त्यांनी माझ्यातल्या मास्तरणीला आवडेल अशी एक गोष्ट दाखवली. टेबलावर खुब्ज, म्हणजे त्यांची ती मोठी पातळ रोटी, पडलेली होती. तिच्यावर टॉर्च आडवा धरला, तर रोटीवरचा फोड न् फोड दिसला. सरळ वरून धरला, तर रोटी सपाट. "म्हणून पौर्णिमेला कधी बघायचं नाही. ऊन डोक्यावर असतं, सावल्या नसतात, काहीच दिसत नाही. अर्ध्या चंद्राला बघायचं." हे मला त्या दिवशी पक्कं कळलं होतं. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

दोनेक आठवड्यांनी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, कोजागिरीला दहा मिनिटं मूनवर बोला ना काहीतरी. तुमच्याकडे कुणाचा तरी टेलिस्कोप आहे म्हणे. तो आणलात तर बेस्टच, पोरं पण एंगेज राहतील."

मी म्हटलं, पौर्णिमेला विवरं दिसत नाहीत, अष्टमीच्या सुमाराला ठेवू या.

"कोजागिरी अष्टमीला कशी करणार मॅडम? ऑलरेडी टेरेस बुक झालंय सॅटरडेचं. खलास."

त्यांचंही बरोबर होतं. इथे सण तिथीने येत नाहीत, शनिवारी येतात. त्या वर्षी पौर्णिमा सोमवारी होती, म्हणजे शनिवारी चंद्र जवळजवळ पूर्ण. मी ठरवलं, का दिसत नाही हेच लोकांना समजावून सांगायचं, रोटी आणि टॉर्च घेऊन. आणि त्या माणसाबद्दल बोलायचं. हे तेतांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या लोकांसमोर आमच्या गावाचं नाव घ्याल? चांगल्या गोष्टीसाठी?" मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं आणि वर त्यांना आमंत्रणही दिलं.

कार्यक्रम अल कुसैसमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर होता. पन्नास-साठ माणसं, भेळेचा स्टॉल, विजेच्या शेगडीवर उकळणारं मसाला दूध. तेता गडद निळा झगा घालून आणि डोक्याला बहुधा ठेवणीतला रुमाल बांधून आल्या होत्या. हातात कुकीजचा ट्रे. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर ताठ बसल्या. दूध चाखून मला म्हणाल्या, "केशर, वेलची. आम्हीपण असंच करतो."

मंडळाच्या ग्रुपवर विषय आधीच गेला होता, त्यामुळे माझं भाषण व्हायच्या आधीच लोकांनी तेतांच्या दुर्बिणीपुढे रांग लावली. एकेक जण डोळा लावायचा आणि चोळत बाजूला व्हायचा. "मॅडम, नुसता लाइट येतोय." "ते विवर कुठाय?" एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, या अरबांचं कशाला सांगताय? रोज हबीबी हबीबी करतोच आहोत. आपल्यांचं सांगा ना." रोटी मी आणली होती, पण ती पिशवी गाडीत राहिली होती आणि गाडी चार गल्ल्या पलीकडे लावलेली.

माईक हातात आला. सुरुवात मी नीट केली, लिहून आणली होती तशी. चाळीस वर्षं, वर्षाची लांबी, लॅटिन नाव. तेवढ्यात दुधाचे ग्लास फिरू लागले. मागे कुणी गाण्याचा स्पीकर तपासून बघितला. मधल्या रांगांमधली माणसं फोनमध्ये गेली. पाच मिनिटांनी माझ्याकडे बघत होत्या त्या एकट्या तेता, ज्यांना माझं एक अक्षर कळत नव्हतं. आपण पडतोय, ही जाणीव शिकवणाऱ्या माणसाला सहन होत नाही.

मी म्हणाले, "चाळीस वर्षं बिचाऱ्याने आकाश बघितलं आणि मिळालं काय? खड्डा! आणि तोही आज दिसत नाही!"

लोक हसले. फोन खाली झाले. मला बरं वाटलं.

"खड्ड्यांना नावं द्यायची तर आपल्या पुण्यात सगळे नगरसेवक संपतील, तरी खड्डे उरतील."

आता मागचेही हसले. ते गृहस्थ मांडीवर थाप मारत होते. त्या अरबाने वापरलेल्या 'ज्या', म्हणजे त्रिकोणमितीतले साइन, आपल्याच गणितातून गेल्या, हे मी सांगितलं. ते खरंच आहे, पण मी ते 'आपलंच उचललं' अशा सुरात सांगितलं आणि टाळ्या पडल्या. माझी जीभ सैल सुटली होती. आणि मग मी म्हणाले,

"आणि त्याच्या रक्क्याला तर आता खड्डे बघायला दुर्बीणसुद्धा लागत नाही!"

क्षणभर कुणीच हसलं नाही. मग कुठून तरी एक हसू फुटलं आणि सगळी गच्ची हसली. तेतांना रक्का हा शब्द कळला. त्यांनी मान डोलावली, मागे वळून हसणाऱ्या लोकांकडे बघितलं आणि त्याही हसल्या. सगळ्यात शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या त्या तेता.

मंचावरून खाली उतरल्यावर त्यांनी मला मिठी मारली. मी खरं काय ते सांगू शकले असते. तिथेच, त्या क्षणी. मी म्हटलं, "तुम्हाला आवडलं ना?" निर्लज्जपणाचीही एक हद्द असते, ती मी ओलांडली. माझी तेरा वर्षांची लेक भेळेच्या स्टॉलपाशी उभी होती. घरी जाताना गाडीत तिने कानात हेडफोन घातले ते बिल्डिंग येईपर्यंत काढले नाहीत.

पुढचे काही दिवस मी समोरच्या दाराचा आवाज आला की आत थांबायचे. पण तेतांनी शुक्रवारी चहाला बोलावलंच, मला आणि लेकीला. चहा ओतून झाल्यावर त्यांनी फोन काढला. माझं भाषण त्यांनी पहिल्या रांगेतून अख्खं रेकॉर्ड केलं होतं.

"माझा भाऊ जर्मनीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या विद्यार्थिनी कुठे कुठे आहेत. तुर्कस्तान, लेबनॉन. सगळ्यांना पाठवायचंय. तुम्ही काय काय म्हणालात ते सांगा, मी खाली अरबीत लिहीन." समोर वही उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं.

पहिली पाच मिनिटं मी सांगत गेले. ती सांगण्यासारखीच होती. तेता वळणदार अक्षरात लिहीत होत्या. मग पहिला हशा आला. मी म्हटलं, "चाळीस वर्षांच्या कामाचं लोकांना आश्चर्य वाटलं." दुसरा हशा आमच्या गावच्या रस्त्यांवर ढकलून दिला. तेता हसल्या, लिहिलं. मग तो भाग आला. फोनच्या छोट्या पडद्यावर माझा चेहरा होता, टाळ्यांनी खुललेला, आणि तोंडातून रक्का हा शब्द स्वच्छ बाहेर पडला. आधी शांतता आणि मग तो हशा.

तेतांनी व्हिडिओ थांबवला. "हे. इथे तुम्ही आमच्या गावाचं नाव घेतलं आणि सगळे हसले. इथे काय म्हणालात?"

वर्षानुवर्षं बोलण्यावर जगलेली बाई मी. मी कपाकडे बघत बसले. सांगून टाकावं असं आत काहीतरी म्हणत होतं आणि मी त्याला दाबत होते, हेही मला कळत होतं.

लेक इंग्रजीत बोलली. शांतपणे, तेतांकडे बघत. "आई म्हणाली की रक्क्याला त्या माणसाला दुर्बीण लागली नाही. तिथलं आकाश इतकं स्वच्छ होतं. आणि आम्ही सगळे टेलिस्कोप घेऊन बसलोय आणि आम्हाला काहीच दिसत नाहीये. म्हणून लोक हसले. स्वतःला हसले."

तेतांचं पेन थांबलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. माझे वडील बोटाने तारे दाखवायचे. खरंच लागत नव्हती दुर्बीण." त्यांनी डोळे पुसले, ते वाक्य वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचं मन मोठं आहे."

तो हात मी काढून घेतला नाही. त्याची लाज मला आजही त्या विनोदापेक्षा जास्त वाटते. विनोद एका झोकात निघून गेला होता, हात मात्र मी कळून सवरून तिथे ठेवला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. आमचं दार पाच पावलांवर. मी किल्ली शोधत राहिले आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "थँक्यू, बाळा. सांभाळून घेतलंस मला."

ती माझ्या हातातून किल्ली घेऊन दार उघडत होती.

"आय डिडन्ट डू इट फॉर यू, आई," ती म्हणाली आणि आत गेली.