पेट्रोल वाचवायच्या यंत्राचं हळदीकुंकू

बोरीच्या किशनरावांचा सगळा भरवसा दोनच गोष्टींवर, देवधर्म आणि दमदाटी. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी मोटारसायकलच्या कार्बोरेटरला पेट्रोल वाचवायचं यंत्र बसवलं आणि नव्या वस्तूची पूजा म्हणून नेमकं त्याच्या हवा घ्यायच्या भोकावर ओलं हळदीकुंकू लावलं. गाडी धापा टाकू लागली. त्यांनी प्लग बदलला, पेट्रोलपंपवाल्याचा उद्धार केला, आणि नजर लागली म्हणून रोज आणखी कुंकू थापलं. शेवटी गाडी बंदच पडली.

चिडून त्यांनी यंत्र उपटलं, शिव्या देत रॉकेलात खसाखसा घासलं आणि परत बसवलं. एका किकमध्ये गाडी चालू!

"पाह्यलं? दम देल्याबिगर कोनीच ऐकत न्हाई," ते बायकोला, मनकर्णाला म्हणाले. "आन आता हळदीकुंकू."