धागे, साखर आणि किल्ली

लॅबमध्ये बाटल्या रोज धुवून निघतात, किस्से मात्र साचत राहतात. नव्वदच्या दशकात वसईच्या बाजाराला लागून असलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. वर डॉक्टरबाई, खाली मी, आणि काउंटरवर कुंदा.

लॅबच्या संडासाला कुलूप असायचं. आख्ख्या बाजारात दुसरी सोय नव्हती, त्यामुळे किल्ली कुंदाच्या कमरेला. लघवीची तपासणी असेल त्यालाच ती मिळायची. एकदा घाईघाईत एक गृहस्थ आले, तपासणीचे पैसे भरले, किल्ली घेऊन गेले आणि रिकामी बाटली परत घेऊन आले.

"अहो, सॅम्पल?"

"ते राहू द्या ताई, माझं काम झालं!"

*

डॉक्टरबाईंना जंतूंचं भारी कौतुक. एकदा म्हणाल्या, "बेकरीतून यीस्ट आण." बेकरीवाल्या पास्कूकाकांनी विचारलं, "किती पाव करायचेत?" मी खरं ते सांगून टाकलं, की लघवीतले जंतू यात मिसळून बघायचेत.

काकांनी आजूबाजूला पाहिलं. मग पुडी हातात देत म्हणाले, "ने. पण माझ्या बेकरीतून नेलंस हे कुणाला सांगू नको!"

*

काचपट्टीवर जंतू आणि यीस्ट एकत्र केले, तर दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या पट्टीवर बाईंनी मॅनोज नावाच्या साखरेचा थेंब टाकला, तर गुठळ्या झाल्याच नाहीत.

बाई खुलल्या. "जंतूच्या अंगावर बारीक धागे असतात. धाग्याच्या टोकाला एक प्रोटीन असतं, ते ही साखर पकडतं. यीस्टवर ती आहे, आपल्या मूत्राशयाच्या पेशींवरही आहे. तिला धरूनच जंतू आत मुक्काम ठोकतात. इथं मोकळी साखर मिळाली, तिलाच धरून बसले!"

कुंदाने दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर सोडली. आठवड्याने बाईंच्या लक्षात आलं. "अगं, ती साखर पेशींवर जडलेली असते. चहाचा काय संबंध?"

कुंदा भडकली. "हे आठ दिवसांपूर्वी सांगायचं ना!"

*

ठकूबाई पूर्वेच्या भातशेतीच्या गावातली. पहाटे येऊन दुपारपर्यंत बाजारात भाजी विकायची. तिला दर महिन्या-दोन महिन्यांनी जळजळ, ताप, आणि लघवीच्या कल्चर तपासणीत तेच जंतू. चौथ्या खेपेला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. तिच्या डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा झालं तर किडनी जाईल."

रिपोर्ट न्यायला आली तेव्हा बाई तिच्यावर चिडल्या. "गोळ्या अर्ध्यात सोडतेस ना?"

तिने रिकामी पाकिटं काउंटरवर मांडली. एकही गोळी शिल्लक नव्हती.

"मग पाणी पीत नसशील!"

"पानी पिऊन जाऊ कुठं, बाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं मी तिच्याकडून भाजी घेत होते, तिच्या जंतूंना नावानिशी ओळखत होते, आणि हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळी सहाला लॅबऐवजी बाजारात गेल्या. ठकूबाईच्या शेजारी पोतं टाकून बसल्या, सगळ्यांसारखा चहाही प्यायल्या. अकराला त्या जवळजवळ धावतच लॅबमध्ये शिरल्या आणि कुंदापुढे नुसता हात केला. कुंदाने मुकाट्याने किल्ली दिली.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "लघवी इतकी तुंबली, तर जंतूंना चिकटायला हवा तेवढा वेळ. त्यांचा काय दोष?"

दुपारी ठकूबाईला बोलावलं. ती घाबरतच आली. तिला वाटलं, आणखी काही निघालं. बाईंनी खणातून संडासाची दुसरी किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

ठकूबाईने ती उलटसुलट करून पाहिली. मग गंभीर चेहऱ्याने विचारलं,

"दिवसातून किती वेला घ्यायची?"