दहाला पोचते

भूतखेत, चकवा असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जातो. बोईसरच्या एका कारखान्यात गेली बावीस वर्षं मी दाबाचे, तापमानाचे मीटर दुरुस्त करतोय. आकडा पटत नसेल तर मीटर बिघडलाय, एवढं सरळ माझं डोकं. तरी हे लिहितोय, कारण एका ठिकाणी ते डोकं चाललेलं नाही.

माझे मामा एडवणला राहायचे. चिकूची वाडी, घरात ते आणि मामी. एकुलती मुलगी मनीषा सॅन फ्रान्सिस्कोला. गेल्या हिवाळ्यात मामांनी अंथरूण धरलं, डॉक्टरांनी हात टेकले, आणि मनी मिळेल त्या विमानात बसली. सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई साडेतेरा हजार किलोमीटर, थेट विमानाला सोळा तास. उतरणार दुपारी चारला. पुढे हायवे, वरई फाटा, सफाळे करत घरी यायला संध्याकाळचे सात.

त्या दिवशी मामा पहाटेपासून एकच विचारत होते, "मनी कवा येल?" दोन दिवस घोटभर पाणीही गिळलं नव्हतं. मामी कापसाने ओठ ओले करायची. संध्याकाळपर्यंत टिकतील असं वाटेना. म्हटलं, जवळची वेळ सांगितली तर धीर धरतील. सरळ थाप मारली, "विमान उतरलं मामा. दहाला पोचते मनी."

"दहा... बरं," म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिले.

दहाला मी ओटीवर मोबाईलमध्ये तिचं विमान बघत बसलो होतो. चीनवर कुठेतरी... मुंबई अजून पाच हजार किलोमीटर, सहा तास. मामी मागे चुलीपाशी. मामांच्या खोलीत जायचं तर माझ्यासमोरूनच जावं लागतं – कोणीही गेलं नाही. पाचेक मिनिटांनी मी आत गेलो. मामांची हनुवटी ओली होती. उशाशी भरून ठेवलेला पेला रिकामा – आणि उपडा. पाणी पिऊन झालं की पेला उपडा ठेवायची खोड त्या घरात फक्त मनीची.

"मनी आली ना रं," मामा म्हणाले. आवाज अगदी स्पष्ट. "पाणी पाजलं तिनं. तुला नाय दिसली?"

मामीला विचारलं. "मी कुठं आत आले? पेज हाय चुलीवर," ती म्हणाली.

साडेदहाला मामा गेले.

मनी सातला पोचली. रडली नाही, त्यांच्या पायाशी बसून राहिली. मला मान वर करवेना.

तिसऱ्या दिवशी तिने मला फोनमधला एक फोटो दाखवला. विमानात समोरच्या सीटला स्क्रीन असतो, त्याचा. उरलेलं अंतर शून्य. उरलेला वेळ शून्य. मुंबईची वेळ दहा वाजून चार मिनिटं.

"शेजारच्या बाईंच्या स्क्रीनवर सहा तास होते, दादा. माझ्याच... मी वेड्यासारखी पट्टा सोडून उभी राहिले. एअर होस्टेसने येऊन बसवलं."

स्क्रीन बिघडतात. मी रोज तेच बघतो. पण पेल्याचं काय, ते मला सांगता येत नाही. मग राहवेना, म्हणून माझी थापही तिला सांगून टाकली.

तिने फोन खाली ठेवला.

"म्हणजे बाबा तू सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबले."

"हो."

"सात सांगितलं असतंस तर सातपर्यंत थांबले असते का रे?"

पेल्याचा उलगडा कुणी करून दिला तर मी ऐकायला तयार आहे. दर रविवारी तिचा फोन येतो, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. सातचा तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही, आणि मनाला तेच जास्त लागतं.