कमरेला बांधलेला भोपळा

भोपळा वर तरंगत होता आणि त्याच्या मागे बाळूच्या पायांचे दोन तळवे आभाळाकडे वळलेले, पाण्यात भिजून सुरकुतलेले. डोकं खाली होतं. ओरडणं नाही, हातपाय मारणं नाही, पाणीसुद्धा हललं नाही. पंचगंगेच्या घाटावर चौथ्या पायरीवर मी त्याच्याकडे पाठ करून सागरगोटे खेळत होते, आणि खाली म्हशी धुणारा म्हादबा गवळी ओरडला नसता तर डाव संपेपर्यंत वळलेही नसते.

"ए पोरी! कुणाचा गं त्यो भोपळा? पाय वर दिसत्यात की!"

मी वळले. म्हादबाने हातातला काथ्याचा बोळा टाकला, कमरेएवढ्या पाण्यातून तीन ढांगांत पोचला आणि भोपळ्याची दोरी धरून बाळूला असा वर ओढला, जशी विहिरीतून घागर ओढतात. बाळूचे ओठ जांभळे झाले होते. मान कुठेही कलत होती. आई धुण्याच्या दगडाशी होती. आपटायला उचललेलं लुगडं तिच्या हातात तसंच वर राहिलं, त्यातलं पाणी तिच्या तोंडावर गळत राहिलं. माझा भाऊ तेव्हा अडीच वर्षांचा होता. मी दहा वर्षांची.

त्याला पाण्यात मी सोडला होता. भोपळाही मीच बांधला होता.

आमच्या गल्लीत पोर चालायला लागलं की पाण्याला लावायचं, अशी रीत होती. नदी एवढी जवळ, की पोराला तिच्यापासून लांब ठेवणं कुणाला जमण्यासारखं नव्हतं. मग तिची ओळखच करून दिलेली बरी. पहिल्या उन्हाळ्यात नुसतं पायरीवर बसवायचं, पोटापर्यंत पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा. तिसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सोडायचा आणि पोर आपोआप पोहायचं. कडू भोपळा वाळवून घरोघरी चुलीवर टांगलेला असे. वर्षभर धूर खाऊन तो काळा, गुळगुळीत होई, हलवला की आतल्या बिया खुळखुळत. आमच्या भोपळ्याला जळक्या शेणीचा आणि करपलेल्या भाकरीचा वास यायचा. उन्हाळा लागला, की तो खाली उतरायचा, आणि पाण्यात पडला की धुराचा तो वास नदीच्या ओल्या दगडांच्या, साबणाच्या, म्हशींच्या वासात मिसळायचा... अजून कुठे शेणी जळाल्या, की मला घाट आठवतो. आठवायचा नसतानाही.

बांधण्याची पद्धत ठरलेली होती. दोरी दोन्ही बगलांखालून घ्यायची, छातीवरून आवळायची, भोपळा पाठीवर खांद्यांच्या मध्ये आणि गाठ त्याच्याही वर. गाठ पोर रडेपर्यंत ओढायची. रडलं म्हणजे नीट बसली. बायका हसून म्हणायच्या, "रडतंय तवर जितं हाय." मलाही असाच बांधला होता आणि मीही तशीच रडले होते.

त्या वर्षी माझा चौथीचा निकाल लागला आणि शाळा संपली, कारण बाळूला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. त्याचा राग माझ्या मनात होता, नव्हता असं म्हणणार नाही. पण पोराचा राग येत नव्हता. त्या चैत्रात त्याचं अंग घामोळ्यांनी भरलं होतं, बगला सोललेल्या, छातीवर लाल पुरळ. दोरी लावली की तो किंचाळायचा. दोन दिवस आईने तशीच बांधली. तिसऱ्या दिवशी आई धुण्याचं गाठोडं घेऊन पुढे गेली आणि मला म्हणाली, "बांध त्येला आन् आण खाली. बगलंतनं घे, ध्येनात हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

मी बगलेतून घेतली. तो रडला. मी सोडली आणि दोरी खाली कमरेला गुंडाळली, तिथे घामोळं नव्हतं. गाठही सैल मारली. तो लगेच गप्प झाला आणि भोपळा वाजवत हसायला लागला. मला वाटलं, किती सोपं होतं, आईला कसं सुचलं नाही.

कमरेला भोपळा बांधला की पाण्यात कंबर वर येते, पाय वर येतात आणि डोकं खाली जातं. हे आज मी एका वाक्यात लिहिते. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, फक्त बगलेतून घे एवढंच सांगितलं होतं. आणि दुसरी चूक त्याहून मोठी — भोपळा आहे म्हटल्यावर मी पाठ केली. भोपळा नसता, तर मी त्याचा हात सोडला नसता.

म्हादबाने बाळूला म्हशीच्या पाठीवर पालथं टाकलं. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, आणि म्हशीला काठाकाठाने चालवलं. "चल गं, चल माझे बाय," तो म्हशीशी बोलत होता, आमच्याकडे बघतही नव्हता. म्हैस आपल्या चालीने चालत होती. तिला काय घाई. प्रत्येक पावलाला बाळूचं पोट तिच्या पाठीवर दाबलं जायचं आणि नाकातोंडातून पाणी यायचं, मग सकाळची आंबील आली, मग पुन्हा पाणी. आता डॉक्टर म्हणतात तसं करू नये, तोंडाने श्वास द्यावा. बरोबर असेल. तेव्हा घाटावर डॉक्टर नव्हता, म्हैस होती. आई म्हशीच्या मागे मागे चालत होती, तिच्या हातात ते ओलं लुगडं अजून होतं... मी सागरगोटे मुठीत धरून उभी होते. इतके घट्ट, की तळहातावर वळ उठले.

घाटाची शेवटची पायरी येईपर्यंत काही नाही. म्हैस वळवली. मग बाळू खोकला, आणि त्याने भोकाड पसरलं.

"रडतंय," म्हादबा म्हणाला. "न्या आता घरला." बोळा शोधायला तो परत पाण्यात गेला.

संध्याकाळी आमचे वडील, आण्णा, घरी आले, तोवर गल्लीने त्यांना सगळं वाटेतच सांगितलं होतं. दारात चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "भोपळा कुणी बांधलाता?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी."

"कमरंला?"

"चुकलं माझं."

आण्णांनी भोपळा उंबऱ्यावर आपटला. बिया घरभर झाल्या. आईने त्या गोळा करून चुलीत घातल्या, आणि त्यानंतर आमच्या घरात भोपळा आला नाही. शेजारच्या काकू मात्र बरीच वर्षं, पाण्याचा विषय निघाला की म्हणायच्या, "पोटचं पोर हुतं का वाटंवरचं, अशी गाठ मारलीस ती?" आई खाली बघून तांदूळ निवडत राहायची. बाळू मोठा झाल्यावर लग्नाकार्यात स्वतःच सांगायचा, "आमच्या आईनं मला उलटा सोडलाता नदीत!" सगळे हसायचे. आईही हसायची. मी पंगतीत वाढायला निघून जायची.

मला मलकापूरच्या बाजूला दिलं. भाताची खाचरं, दारासमोर विहीर. माझी तीन आणि जावेची दोन, पाचही पोरं मीच पाण्याला लावली. दोरी बगलेतून, गाठ खांद्यांवर, रडेपर्यंत. शिवाय मी स्वतः पाण्यात, हात पोचेल एवढ्यावर, आणि नजर पोरावर. जाऊ म्हणायची, "अक्का, काळीज हाय का दगड? जरा सैल करा की." मी सैल केलं नाही. माया मी एकदा करून बघितली होती.

आई गेली, तेव्हा माझा थोरला कॉलेजात होता. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि बाळू आणि मी दोघेच मागच्या सोप्यात चहा घेत बसलो. मी त्याला सांगितलं. फिरवून नाही, जसं झालं तसं. दोरी, घामोळं, सैल गाठ, सागरगोटे.

त्याने कप खाली ठेवला.

"आई असताना बोलायचं हुतंस की, अक्का," तो म्हणाला. "मी किती येळा हसलो तिला."

मी कप उचलून विसळायला नेले. पुढे त्याने तो विषय काढला नाही, लग्नाकार्यात ती गोष्टही सांगितली नाही.

बाळूला पोहता येत नाही. कागलच्या कारखान्यात नोकरी केली, आता घरी असतो. त्याची नात निळ्या फरशीच्या टाकीत पोहायला जाते, दंडात रबरी फुगे घालून. परवा तिथूनच त्याचा फोन आला, मागे पोरांचा गलका. "फुगं हाईत म्हणं, काळजी नगो म्हणत्यात. जाऊ का जरा चहा घ्यायला?"

"फुगं असू देत," मी म्हटलं. "हात पोचंल एवढ्यावर बस. आन् फोन ठेव."

त्याने फोन ठेवला.

त्या दुपारी पाण्यातून बाळू जिवंत निघाला. आई त्यानंतर तेवीस वर्षं जगली, आणि गाठ तिने बांधली होती असंच सगळे समजत राहिले.