रस्त्यावर उघडणारं दार

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. फ्रीजमध्ये उरलेलं अन्न साठतं ना, तसे साठतात. हाही डबा टाकवत नाही, तोही टाकवत नाही, आणि एक दिवस फ्रीजचं दारच लागत नाही! माझ्याकडे मिस अर्लीनचे असे खूप साठलेत. आज बाहेर काढते.

तर आटपाट नगर होतं, ओहायोत होतं. नगराच्या मधोमध हायवे होता. हायवेच्या एका बाजूला एक म्हातारी राहायची, सोनाबाई, म्हणजे मी. मुलगा प्रकाश, नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला, आणि सून नीता. हायवेच्या दुसऱ्या बाजूला दुसरी म्हातारी राहायची, मिस अर्लीन. काळी, उंच, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लिहिता-वाचता दोघींनाही येत नव्हतं. आणि इकडच्या म्हातारीची एकच इच्छा होती. तिकडच्या म्हातारीनं एक दिवस आपल्या घरी यावं, टेकावं, आणि दोन तास उठू नये.

ही काय इच्छा झाली, म्हणाल. अमेरिकेत राहून बघा!

*

मी इथं आले दोन हजार दोनमध्ये. हे गेले, गावात एकटी काय करू, म्हणून प्रकाशनं आणलं. अपार्टमेंट छान. गालिचा छान. पण दुपारी खिडकीतून बघावं तर रस्त्यावर माणूस नाही, फूटपाथसुद्धा नाही. गावाकडे माझी भांडी घासून होईपर्यंत दोघी-तिघी येऊन ओट्यावर टेकलेल्या असायच्या. इथं यायचं म्हणजे आधी फोन करायचा, मग शनिवार ठरवायचा, मग हातात छोल्यांचं भांडं घेऊन यायचं. पॉटलक!

प्रकाश म्हणाला, "आई, सिटीतल्या लायब्ररीत मोठ्या माणसांचा वाचायचा क्लास असतो. फुकट. मॉलसमोरून बस जाते."

पहिल्या सकाळी मी स्टॉपवर उभी. बस आली आणि त्यातून उतरल्या, उतरल्या, किती बायका उतरल्या! बहुतेक सगळ्या काळ्या, पायात बूट, हातात डब्याची पिशवी. आमच्या बाजूची घरं, ऑफिसं, हॉटेलं साफ करायला आलेल्या. चढणारी मी एकटी.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, ही सिटीत चाललीय."

कळायचं थोडंफार, पण बोलायला मला एकच शब्द यायचा. "येस."

"सगळे सकाळी इकडे येतात."

"येस."

"तुम्ही उलट्या चाललात!"

"येस!"

पुढच्या सिग्नलपर्यंत हसत होता बिचारा.

मग रोजचंच झालं. सकाळी त्या उतरायच्या, मी चढायचे. परतताना मी उतरायचे, त्या चढायच्या. सीटला त्यांची ऊब असायची अजून. ओळख मात्र एकीशीही झाली नाही. दारात जेवढ्या भेटू तेवढ्याच.

*

क्लास लायब्ररीच्या तळघरात. शिकवायला जेनी, गोरी पोरगी, मला नात शोभेल अशी. विद्यार्थी आम्ही सहा जण. त्यात एक मिस्टर ओटिस, कारखान्यातून रिटायर झालेले, आणि दाराजवळच्या खुर्चीत अर्लीन. पहिल्याच दिवशी जेनी म्हणाली, "हाय अर्लीन!"

"मिस अर्लीन," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हणजे लग्न झालेलं नाही. मी आपली हळहळले. आणि दुपारी बाई पाकिटातून सात नातवंडांचे फोटो काढून दाखवायला लागल्या! मायबाई, म्हटलं, हे कसं?

मग तिनं समजावलं. लग्नाचं काही नाही त्यात. आपल्याकडे अर्लीनबाई म्हणावं, तसं ते. बावीस वर्षं ती एका गोऱ्या घरात कामाला होती. त्या घरातली पाच वर्षांची मुलगी तिला म्हणायची "अर्लीन". आणि हिनं त्या पोरीला म्हणायचं "मिस सूझन". पोरीची वेणी घालताना, शेंबूड पुसताना, मिस सूझन!

"मग एक दिवस मीच ठरवलं," ती म्हणाली. "माझा मिस मीच लावणार. तुलाही लावते. मिस सोना."

आयुष्यात मला कुणी काही लावून हाक मारली नव्हती. "ए सोने" एवढंच. मी त्या दिवशी स्टॉप चुकले.

*

एकदा जेनीनं विचारलं, लहानपणी शाळेत का नाही गेलात? सगळ्यांनी सांगा, म्हणजे बोलायची प्रॅक्टिस होईल.

मिस अर्लीन म्हणाली, दक्षिणेत त्यांची शाळा कापूस वेचून झाला की उघडायची आणि लावणी आली की बंद व्हायची. गोऱ्या मुलांना बस होती. ही पायी चालायची आणि बसमधून पोरं थुंकायची. थुंकी चुकवायला ती शेतातून जायला लागली, आणि शेतातच राहिली.

मग माझी पाळी. मोडक्या इंग्रजीत, निम्मं हातांनी सांगितलं. आमची घरं वेशीबाहेर. शाळा वेशीच्या आत. आम्ही चार पोरं व्हरांड्यात बसायचो, आतलं ऐकायचं. गुरुजी पाटी तपासायचे ती लांबून, हात न लावता. छडी मात्र लागायची बरोब्बर! पंधरा दिवस गेले, सोळाव्या दिवशी नाही गेले.

बघतो तर जेनी रडतेय. टपटप, समोरच्या कागदावर.

मिस अर्लीननं तिच्यासमोरचा कागद हळूच ओढून घेतला. "बाळा, रड हवं तेवढं. पण माझा होमवर्क भिजवू नकोस. साठ वर्षांनी केलाय मी!"

*

तेव्हापासून मी तिच्या मागे लागले, घरी ये म्हणून. ती म्हणायची, "बघू." बस रविवारी नसते, आणि रविवारशिवाय तिला वेळ नसतो. शेवटी एका रविवारी तिचा पुतण्या तिला गाडीतून घेऊन आला. मला सरप्राइज द्यायचं म्हणून तिनं कळवलंसुद्धा नाही.

आमच्या कॉम्प्लेक्सला गेट होतं. गेटवरचा गार्ड, तोही काळाच. त्यानं विचारलं, "कुणाकडे कामाला?"

"मिस सोनाकडे. कामाला नाही, भेटायला."

सोना नाव त्याच्या यादीत कुठून असणार? मिस अर्लीननं अपार्टमेंटचा नंबर सांगितला, तेव्हा त्यानं फोन लावला. मी अंघोळीला गेलेली. फोन नीतानं घेतला. तिकडून कळलं, अर्लीन नावाची बाई गेटवर आलीय.

नीता म्हणाली, "नाही नाही, आम्ही क्लीनिंग लेडी बोलावलेली नाही."

झालं. गाडी वळली.

मी न्हाऊन केस पुसत आले तर नीता सहज म्हणते, "आई, गेटवाल्यांचा काय गोंधळ असतो बघा. भलत्याच कुणालातरी आपल्याकडे पाठवत होते. अर्लीन की कोण."

मी तशीच ओल्या केसांनी गेटपर्यंत पळाले. रस्ता मोकळा. इथले रस्ते नेहमीच मोकळे.

नीता वाईट नाही हो. तिच्या आजीला आमच्या गावात पाणी वरून ओतायचे, हे तिला ठाऊक आहे. आणि तरी तिच्या तोंडून तेच आलं. पुढे आठ दिवस तिनं मला जेवताना डोळ्याला डोळा दिला नाही.

क्लासमध्ये मिस अर्लीन दुसऱ्या टोकाच्या खुर्चीत जाऊन बसली. तीन आठवडे! मी सॉरी म्हटलं, ती "हं" म्हणाली. मी परत म्हटलं, ती परत "हं". चौथ्या आठवड्यात म्हणाली, "मिस सोना, मी येईन. पण गेटमधून नाही, आणि मागून तर नाहीच. तुझं रस्त्यावर उघडणारं दार असेल, त्या दिवशी येईन."

अपार्टमेंटमध्ये रस्त्यावर उघडणारं दार कुठून आणू?

*

मधे आमच्या मंडळाचा गणपती झाला. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, नऊवारीतल्या बायका, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले मोदक. एक पुण्याच्या काकू शेजारी बसल्या. आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "हो का, पण मूळचे कुठले?" मूळचे म्हणजे काय विचारतात, ते मला सातवीला न जाताही कळतं!

मग म्हणाल्या, "ऐकलं, तुम्ही त्या बसनं त्या एरियात जाता? एकट्या? सेफ आहे का? तिकडे ते लोक असतात."

"कोण लोक?"

"अहो, ते हो. तेच."

म्हटलं, "काकू, आमच्या गावात 'ते' म्हणजे आम्हीच होतो."

काकूंनी एकदा प्लेटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, "मोदक घ्या ना अजून!"

*

दोन हजार सहामध्ये प्रकाशला ग्रीन कार्ड आलं आणि त्यानं घर बघायला सुरुवात केली. मी एकच म्हटलं, दार रस्त्यावर पाहिजे. त्याला वाटलं, आईचं काहीतरी वास्तूचं आहे. नीता मात्र ज्या घराला गेट असेल ते गाडीतूनच नको म्हणायची. शेवटी सिटीतच, जुन्या भागात, विटांचं घर मिळालं. रस्ता, तीन पायऱ्या, दार. बस!

त्याच आठवड्यात जेनीनं सांगितलं, घरी जो लिहिलेला कागद असेल तो घेऊन या, वाचू. मिस्टर ओटिसनी औषधाचं खोकं आणलं. मी घराच्या जाड फायलीतला सगळ्यात जुना, पिवळ्या कागदाची झेरॉक्स असलेला कागद उचलला. अक्षर मोठं होतं म्हणून!

एकेकानं एकेक ओळ वाचायची. बोट ठेवून, अडखळत. ही जागा... विकता येणार नाही... राहता येणार नाही... कुणालाही... जो... नाही... मग एक लांबलचक शब्द आला. कॉ-के-शि-यन.

कुणालाच कळेना. मिस्टर ओटिस म्हणाले, "आजाराचं नाव वाटतं."

जेनी लालबुंद. म्हणाली, "त्याचा अर्थ गोरे." आणि घाईनं, "हे जुनं आहे! आता चालत नाही हे, कोर्टानं कधीच रद्द केलंय!"

पुढची ओळ मिस अर्लीनची होती. तिनं चष्मा पुसला. "अपवाद... घरकाम... करणारे... नोकर."

मग मिस्टर ओटिस म्हणाले, "म्हणजे घर घेतलं, पण मिस सोनाला राहता येणार नाही?"

"येईल की," मिस अर्लीन म्हणाली. "मुलाकडे कामाला लागावं लागेल."

तळघरात असं हसू फुटलं की वरून लायब्ररीवाला बघायला आला.

हसणं थांबलं तेव्हा तिनं कागदावरच्या रस्त्याच्या नावावर बोट ठेवलं. परत वाचलं. हाच तो रस्ता. मिस सूझनचं घर याच रस्त्यावर, चार घरं सोडून. बावीस वर्षं ती तिथं मागच्या दारानं आत गेली आणि मागच्या दारानं बाहेर आली.

"मला वाटायचं, त्यांची नुसती रीत आहे," ती हळू म्हणाली. "यांनी लिहून ठेवलं होतं!"

"आमच्याकडे कागद लागलाच नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना पाठ होतं."

घरी येऊन प्रकाशला विचारलं, तू सही करताना हे वाचलंस का? म्हणाला, "आई, तो जुना बॉइलरप्लेट आहे, ठरावीक छापील मजकूर. ते कुणी वाचत नाही."

म्हटलं, "आम्ही वाचलं."

*

घरात राहायला गेलो. दुसऱ्या रविवारी नीता स्वतः गाडी काढून मिस अर्लीनला आणायला गेली. मी सांगितलं नव्हतं. तिथं जाऊन काय बोलली, मला माहीत नाही. दोघीही सांगत नाहीत.

गाडी थांबली. मिस अर्लीन चर्चची जांभळी हॅट घालून उतरली. चार घरं पलीकडे एकदा बघितलं, मग आमच्या तीन पायऱ्या चढली. मी दार उघडं धरून उभी होते.

"ये ना!"

"दार लाव."

"अगं, का?"

"लाव तर. मला बेल मारायचीय."

मी दार लावलं. तिनं बेल मारली. मी उघडणार, तेवढ्यात परत मारली. मग आणखी एकदा. मग आत आली, पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत बसली, बूट काढले, पाय स्टुलावर ठेवले आणि म्हणाली, "आता मला दोन तास कुणी उठवायचं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. आलं किसते न किसते तोच परत बेल वाजली. नीता वर माझ्या तान्ह्या नातवाला झोपवत होती, म्हणून मिस अर्लीनच उठली आणि अनवाणी जाऊन तिनं दार उघडलं. मी आलं हातात घेऊन दारातून डोकावले. शेजारची गोरी बाई, हातात ॲपल पायची डिश, नव्या शेजाऱ्यांना द्यायला आणलेली. छान हसली. म्हणाली, "हाय! घरच्या बाई आहेत का?"

मिस अर्लीननं तिला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"आहेत ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी चहा करतायत."

आणि आत वळून जोरात ओरडली, "मिस सोना! साखर दोन चमचे!"